बाद न होणारी मुलगी

जगदाळ्यांच्या बंगल्यात बैठक ठरली की नारळ आदल्या दिवशीच यायचा. बैठक संपताना नारळ फोडायचा, खोबरं वाटायचं आणि 'ठरलं' म्हणायचं, ही गेनबांच्या काळापासूनची रीत. गेनबांच्या वेळी बैठकीत भांडणं व्हायची आणि मग कोणीतरी उठून नारळ आणायला जायचा. त्यांच्या मुलाने, म्हणजे सर्जेराव आबांनी, रीत तशीच ठेवली, फक्त क्रम बदलला. म्हणून त्या रविवारी सकाळी हॉलमधल्या काचेच्या टीपॉयवर शेंडीवाला नारळ बघून धाकट्या सुनेने, शेफालीने ओळखलं, की आबांचा निर्णय झालेला आहे आणि आता चर्चेला हरकत नाही.

निर्णय असा होता, की स्पृहा शाळा सोडणार नाही.

स्पृहा म्हणजे सर्जेरावांची एकुलती एक नात, चौथी संपवून पाचवीत जायला निघालेली. आणि शाळा म्हणजे गेनबा जगदाळे इंटरनॅशनल स्कूल. गेनबा आयुष्यात एकदाच शाळेत गेले होते, तेही बैल आत शिरला म्हणून. पण वाघोलीतल्या त्यांच्या ज्वारीच्या रानावर आज चार मजली इमारत उभी होती आणि तिच्या दारावर ते फेटा बांधून, संगमरवरात, हातात पुस्तक घेऊन बसले होते. पुस्तक शिल्पकाराने स्वतःच्या मनाने दिलं होतं. शाळेचे अध्यक्ष सर्जेराव, डायरेक्टर थोरला मुलगा इंद्रजीत, प्रिन्सिपॉल शेफाली. शेफालीचा नवरा दुबईला असतो, त्यामुळे घरात शांतता असते. संस्थेची निवडणूक दर पाच वर्षांनी नियमाने व्हायची आणि सर्जेराव तितक्याच नियमाने बिनविरोध निवडून यायचे. विरोधात कोणी उभं का राहत नाही, याचं त्यांना खरोखर नवल वाटायचं.

सध्या नगर रोडच्या चौकात शाळेचा मोठा फ्लेक्स लागला होता. 'प्रवेश सुरू', आणि त्याखाली गळ्यात पदक घातलेली स्पृहा: 'सलग तिसऱ्यांदा प्रथम!' सर्जेराव रोज सकाळी फिरायला निघाले की त्या फ्लेक्सपर्यंत जायचे, नातीकडे बघायचे आणि परत फिरायचे. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, कशासाठी ते त्यांनी स्वतःच ठरवलं होतं. आणि आता या मुलीची आई म्हणत होती, की मी हिला शाळेतून काढून घरी शिकवणार.

"प्रवेश चालू असताना?" सर्जेराव सकाळपासून हेच म्हणत होते. "अगं, हलवायाच्याच घरातली पोरं म्हणाया लागली की आम्ही ह्या दुकानातली मिठाई खात न्हाई, तर गिऱ्हाईक काय म्हनंल?"

"निगेटिव्ह पब्लिसिटी, आबा," शेफाली म्हणाली.

"त्येच."

पहिला नंबर तरी फुकट आला होता का, असं त्यांना वाटे. पहिलीत पोरीचा दुसरा नंबर आला होता. बक्षीस समारंभात सर्जेराव तिच्या वर्गशिक्षिकेशी फार प्रेमाने बोलले होते. "बाई, किती वर्षं झाली हितं?" एवढंच विचारलं होतं त्यांनी. चौकशी. माणसाने चौकशी करू नये का? बाई मात्र पांढऱ्याफटक पडल्या होत्या. त्यानंतर स्पृहा जी अभ्यासाला लागली, ती कायमची पहिली. सर्जेराव तो प्रसंग कधीच विसरले होते. स्टाफरूममध्ये मात्र नव्या बाईंना तो पहिल्याच दिवशी सांगण्यात येत असे.

*

निशा आली ती वडिलांना घेऊन. दोन वर्षांपूर्वी इंद्रजीतपासून कायदेशीर वेगळी झाल्यावर ती खराडीला फ्लॅट घेऊन राहत होती. स्पृहा सोमवार ते शुक्रवार तिच्याकडे आणि शनिवार-रविवार वाघोलीला. घटस्फोट भांडणाशिवाय झाला होता. पुण्यात तेव्हा सगळ्यांनी त्यांचं कौतुक केलं होतं, जणू लग्नच फार चांगलं झालं होतं. एकच अट वकिलांनी दोघांकडून मान्य करून घेतली होती: मुलीच्या शिक्षणाचा कुठलाही मोठा निर्णय दोघांच्या संमतीने. त्यामुळे निशाला इंद्रजीतचा होकार हवा होता. आणि इंद्रजीतचा होकार हवा असेल तर आबांच्या बैठकीत बसावं लागतं, हे तिला लग्नाच्या आधीपासून माहीत होतं.

तिचे वडील, सीताराम भालेराव, नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेले. त्यांना हाक काय मारायची हा या घरातला दोन वर्षांचा पेच होता. व्याही म्हणावं तर नातं कोर्टात संपलेलं. शेवटी सर्जेरावांनी "या साहेब" असं म्हणून सरकारी मार्ग काढला होता. वाटेत निशाने विचारलं होतं, "अण्णा, तुम्ही माझ्या बाजूने आहात ना?" आणि अण्णा म्हणाले होते, "बघू." महसूल खात्यात 'बघू' म्हणजे काय असतं, हे ती त्यांची मुलगी असूनही विसरली होती.

"बस निशा," विजयमाला म्हणाली. सासूने सुनेला घटस्फोटानंतरही अगं-तुगं सोडलं नव्हतं. "चहा का सरबत?"

"काही नको, आई. आधी बोलून घेते."

"मंग मी चहाच टाकते," म्हणून विजयमाला आत गेली. या घरात बायकांचं मत चहाबरोबर विचारायची पद्धत होती, त्यामुळे चहा होईपर्यंत तिला काम नव्हतं. मागच्या व्हरांड्यात स्पृहा कॅरमला पावडर लावत बसली होती. विजयमालाने गॅस बारीक केला आणि तिकडे वळली.

हॉलमध्ये निशाने सुरुवात केली. "मला शाळेबद्दल तक्रार करायची नाहीये."

"मग कशाला आलीयेस?" इंद्रजीत म्हणाला.

"तुझ्या मुलीबद्दल सांगायला. परवा तिला मी चौऱ्याऐंशी भागिले चार करायला दिलं. तिने उत्तर लिहिलं बारा. आणि वही माझ्यापुढे धरून उभी राहिली. मला आधी कळेना का उभी आहे. ती टाळ्यांची वाट बघत होती, इंद्रजीत."

"एखादं गणित चुकतं."

"चुकू दे ना! चुकलं हे तिला माहीत नाही, हे माझं म्हणणं आहे. शाळेत तिला कोणी सांगतच नाही. आमच्या सोसायटीत मुली लंगडी खेळत होत्या. एकीने हिला शिवलं. ही तिथेच उभी. म्हणाली, मला नाही शिवायचं असतं. रागाने नाही हं, समजावून सांगत होती. त्या मुली हसल्या, तर ही घरी येऊन तासभर रडली."

सर्जेरावांच्या चेहऱ्यावर अभिमान पसरू लागला होता, तो त्यांनी वेळीच आवरला.

"ताई, विथ ड्यू रिस्पेक्ट," शेफाली म्हणाली, "होमस्कूलिंगमध्ये सोशल स्किल्सच डेव्हलप होत नाहीत. रिसर्च आहे."

"शेफाली, स्पृहाच्या वर्गात तिला मैत्रिणी किती?"

"असं कसं, सगळेच तिच्याशी खूप रिस्पेक्टफुली वागतात."

"चौथीतली मुलं?"

शेफालीने साडीचा पदर नीट केला.

"दुसरी एखादी शाळा बघ म्हणालो असतो," इंद्रजीत हळू आवाजात म्हणाला, "पण..."

"पण मी बघितल्या. अर्ध्या शाळांचे अध्यक्ष आबांचे मित्र आहेत. तिथे नाव ऐकल्याबरोबर मुख्याध्यापक खुर्चीतून उठले. उरलेल्या अर्ध्या आबांच्या विरोधकांच्या आहेत. ते म्हणाले, मॅडम, प्रवेश फुकट, फक्त फोटो लावू द्या. 'अध्यक्षांची नात आमच्या शाळेत.' तिथे तिला नापास कोण करणार? म्हणून म्हणतेय, घरी. माझं ऑफिस हिंजवडीला असलं तरी आठवड्यात चार दिवस काम घरूनच असतं. पहाटे आणि संध्याकाळी मी शिकवीन. चुका दाखवीन. बाकी काही जमलं नाही तरी एवढं मला जमेल."

बोलता बोलता तिचा आवाज चढला होता. तिला या घरात कधीच हळू बोलता आलं नव्हतं, आणि कोणी ऐकलंही नव्हतं.

इंद्रजीतने बराच वेळ टीपॉयवरच्या नारळाकडे बघितलं. मग म्हणाला, "एक विचारतो. शाळेत तिला कोणी चूक म्हणत नाही, मान्य. घरी तू एकटीच शिकवणार, तूच तपासणार. तुझं चुकलं तर तुला कोण सांगणार? मी नवरा होतो तेव्हा मला जमलं नाही."

प्रश्न खोचक होता आणि बरोबरही होता. निशाने वडिलांकडे पाहिलं.

सीताराम भालेरावांनी घसा साफ केला. "मी बोलू का? निशा, तुला आवडणार नाही. माझे वडील शाळेच्या दाराबाहेर बसून शिकले. आत मास्तर बोलत आणि बाहेर हे धुळीत बोटाने लिहीत. मी आत बसलो, पण शेवटच्या रांगेत. तू पहिल्या रांगेत बसलीस. आणि आता तू माझ्या नातीला उठवून बाहेर आणणार? स्वखुशीने? कोणी हाकललेलं नसताना? मला हे पटत नाही. शाळा कशीही असो, आपण ती सोडायची नाही."

"वा, साहेब!" सर्जेराव सोफ्यावर पुढे सरकले. हे दोन आजोबा आयुष्यात प्रथमच एका बाजूला आले होते, आणि त्याचा सर्जेरावांना भालेरावांपेक्षा जास्त आनंद झाला होता.

"अण्णा," निशा म्हणाली, "तिलाही बाहेरच बसवलंय. फक्त खुर्ची दिलीय."

"तुलना करू नकोस," सीताराम तुटकपणे म्हणाले. "माझ्या वडिलांना पाणी वरून ओतायचे. हिच्या बाटलीला शिपाई बर्फ घालतो. ते आणि हे एक नाही."

"नाही. चुकलंच माझं," निशा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. त्या हॉलमध्ये चौघांपुढे आता ती एकटी पडली होती. आणि मुलगी आणखी वर्षभर त्याच वर्गात टाळ्या ऐकत बसली तर पुढे काय होईल, हे तिच्याशिवाय कोणाला दिसत नव्हतं.

*

विजयमाला जगदाळेला आयुष्यात दोन गोष्टी सहन होत नसत: शिळा चहा आणि कॅरममध्ये हार. लग्न होऊन आली तेव्हा दीर तिला कॅरमला घेत नसत. आता दीर थकले होते, डोळे गेले होते, आणि ती मात्र साठी ओलांडून राणीवर नेम धरून बसली होती. समोर नऊ वर्षांची नात आहे म्हणून तिने कधी एक सोंगटी सोडली नव्हती.

"ही गेली," ती म्हणाली. राणी भोकात पडली. "आन् हे कव्हर. हरलीस. चार दिवस पावडर तू पुसायची."

"आजी, तू बोट पुढे सरकवलंस! चीटिंग!"

"सरकवलं. पकडलंस का तवा? आता बोलून उपेग न्हाई."

स्पृहा बोर्डावर वाकून खिदळायला लागली. एवढी, की तिला ठसका लागला. "परत, आजी. परत एक."

"परत हरशील."

"चालेल."

विजयमालाने सोंगट्या लावता लावता सहज विचारलं, "शाळंत कोन हरवतं गं तुला?"

"कोणीच नाही."

"लई भारी खेळतीस म्हंजे."

"नाही." स्पृहा सोंगट्यांचा गोल नीट करत होती. "खो-खोत मी पळायला लागले ना, की पकडणाऱ्या मुली दुसरीकडेच पळतात. म्हणून एकदा मी उभीच राहिले. मैदानाच्या मधोमध. म्हटलं, आता तरी शिवतील. तर त्या माझ्या बाजूबाजूने पळाल्या, आणि मग बेल झाली."

"मंग?"

"मग काय नाही. मला बेस्ट प्लेअर मिळालं."

विजयमालाचा हात थांबला. पोर मैदानाच्या मधे उभी आहे आणि कोणी शिवत नाही, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढून हलेना. तिला रागच आला, कोणाचा ते चटकन कळलं नाही, मग कळलं. चहा केव्हाच उतू गेला होता. तिने उरलेला कपांत ओतला आणि ट्रे घेऊन हॉलमध्ये गेली.

"पोरगी घरी शिकंल," ती ट्रे ठेवत म्हणाली.

"तुला कोनी इचारलं?" सर्जेराव म्हणाले.

"चहा आनलाय न्हवं? मंग इचारा." तिने कंबरेवर हात ठेवले. "शाळंत तिला कोन शिवत न्हाई. शिवायला तुमची भीती वाटती पोरींना. निशाकडं शिकू द्या. आन् दुपारी हिकडं पाठवा, मला खेळाया जोडीदार लागतो." शेवटचं वाक्य तिने जरा हळू म्हटलं, पण खरं कारण किती आणि ते कारण किती, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

*

पत्नीचं मत विरोधात गेलं की सर्जेराव हटून बसत नसत. बाजू बदलून ती आपलीच होती म्हणत. याच गुणावर ते पुढारी झाले होते. त्यांनी चहाचा एक घोट घेतला, शेफालीकडे पाहिलं आणि शेफालीला काय सुचलंय ते तिच्या डोळ्यांतच वाचलं.

"आबा," शेफाली म्हणाली, "होमस्कूलिंग इज ट्रेंडिंग. आपणच केलं तर?"

"म्हंजे?"

"शाळेचा वरचा मजला रिकामा आहे. 'गेनबा होम कॅम्पस.' घरच्यासारखं वातावरण, लिमिटेड सीट्स. स्पृहा फर्स्ट स्टुडंट! फ्लेक्स तोच ठेवायचा, फक्त खालची ओळ बदलायची. टीचर्स आपल्याच, आलटून पालटून येतील. युनिफॉर्म घरगुती, म्हणजे कॉटनचा."

"आन् घंटा?"

"घंटा घालू ना."

"मंग मिटलं की!" सर्जेरावांनी मांडीवर थाप मारली. "निशाचं बी झालं, शाळंचं बी झालं. अक्षय्य तृतीयेला शुभारंभ. आमदारांना बोलवू. साहेब, दीपप्रज्वलन तुमच्या हस्ते." त्यांनी नारळाकडे हात नेला.

निशाला क्षणभर हसावं की रडावं कळेना. तिचं म्हणणं अख्ख्या घराने एकमुखाने मान्य केलं होतं, आणि त्यात तिचं म्हणण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. "आबा, ही शाळाच झाली," ती म्हणाली. "जिन्याने वर नेलेली."

"एक मिनिट," सीताराम भालेराव म्हणाले. त्यांनी चहाचा कप बशीत ठेवला. "परीक्षा कोण घेणार?"

"आपलीच शाळा, साहेब. बाहेरच्यांचा तरास नको."

"पेपर तपासणार?"

"आपल्याच बाई."

"आणि नंबर?"

"नंबर हायच की!" सर्जेराव हसून म्हणाले. "त्यो कुटं जातोय?"

सीतारामांनी नोकरीत पुष्कळ नोंदी पाहिल्या होत्या ज्यांत सगळं नियमाने असतं आणि खरं काहीच नसतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत घातला.

"निशा, मघाशी बोललो त्यातलं मी काही मागे घेत नाही," ते म्हणाले. "मी शाळेची बाजू घेतली होती. पण शाळा इथे कुठे आहे, ते मला आता दिसेना. तू शिकव. माझी अट एकच. दर महिन्याला परीक्षा मी घेईन, मुलीची आणि तुझीही. तू काय शिकवलंस ते मी तपासणार. आणि दोन वर्षांनी ती शाळेत जाईल. अशा शाळेत, जिथे जगदाळे कोण आणि भालेराव कोण, कोणाला ठाऊक नसेल. शाळा सोडायची नाही म्हणजे नाही."

"अण्णा, तुम्ही पेपर तपासणार म्हणजे मी नापासच," निशा म्हणाली.

"शक्यता आहे."

इंद्रजीतच्या प्रश्नाला उत्तर मिळालं होतं, आणि सगळे आता त्याच्याकडे बघत होते. सही त्याची लागणार होती. आबांचा हात नारळावर होता. आयुष्यात आबांचा हात नारळावर असताना इंद्रजीत कधी 'थांबा' म्हणाला नव्हता. लग्न मोडतानाही त्याने आधी आबांना विचारलं होतं. आताही तो एवढंच म्हणाला, "आलो पाच मिनिटांत," आणि व्हरांड्याकडे गेला.

*

स्पृहा एकटीच दोन्ही बाजूंनी खेळत होती. त्याला बघून तिने स्ट्रायकर पुढे केला. "पप्पा, खेळतोस?"

तो बसला. त्याला सगळं माहीत होतं, नव्यानं कळण्यासारखं काही नव्हतंच. निकालावर डायरेक्टर म्हणून सही तोच करायचा. गणिताच्या पेपरात आधीचे गुण खोडून नवे लिहिलेले त्याने पाहिले होते आणि पान उलटलं होतं. बाईंना विचारलं असतं तर बाई रडल्या असत्या, आबांना विचारलं असतं तर आबा चिडले असते. पान उलटणं सोपं होतं. शिवाय फ्लेक्सवर मुलगी छान दिसत होती, आणि फ्लेक्सच्या गोष्टीवर त्याच्या आयुष्यात एकमत नेहमीच पटकन व्हायचं.

स्पृहाने नेम धरला. स्ट्रायकर पांढऱ्या सोंगटीला चाटून गेला आणि कोपऱ्यात जाऊन थांबला.

"असू दे, बेटा," तो म्हणाला. "परत मार."

तिने स्ट्रायकर उचलला नाही. हात मांडीवर घेतले.

"नको. माझी गेली."

"अगं, मार. मी काही म्हणत नाही."

"तू पण ना, पप्पा," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, कंटाळा होता, मोठ्या माणसासारखा. "आजी बघ, आजी कधीच असं करत नाही. तू शाळेसारखं करतोस. मग मला कळतच नाही मला येतं का नाही."

इंद्रजीतने स्ट्रायकर घेतला, उगाच बोटावर पावडर लावली, डोळे पुसल्यासारखं केलं. मग खेळायला लागला. आईचा मुलगा होता; नीट खेळला तर त्याचा हात चांगला होता. एक सोंगटी गेली, दुसरी गेली. स्पृहा नाकावर बोट ठेवून बघत होती. तिची पाळी आली तेव्हा तिने दोन घेतल्या आणि तिसरी चुकवली. त्याने जीभ चावली, पण 'परत मार' म्हणाला नाही. शेवटी राणी मधोमध उरली. मुद्दाम चुकवावी, असं त्याच्या हाताला शेवटपर्यंत वाटत होतं. त्याने राणी घेतली. मग कव्हर घेतलं.

क्षणभर ती बोर्डाकडे बघत राहिली. मग उठली आणि हॉलकडे पळत सुटली.

"आई! अण्णा! मी हरले! पप्पाने मला हरवलं! मुद्दाम नाही, खरं खरं!"

जगदाळ्यांच्या हॉलमध्ये हे वाक्य यापूर्वी कोणी एवढ्या आनंदाने उच्चारलेलं नव्हतं. सर्जेराव नारळ हातात घेऊन उभेच राहिले होते. ते सवयीने म्हणाले, "कोन म्हनतं हरली? परत खेळा. पैला डाव धरत न्हाईत."

"आबा, नाही. हरले ते हरले."

इंद्रजीत तिच्या मागोमाग आत आला. "निशा, उद्या वकिलाला सांगतो. माझी संमती आहे. तुझ्याकडे शिकेल, खराडीला. अण्णांची अट मला मान्य आहे." मग शेफालीकडे वळून म्हणाला, "आणि चौकातला फ्लेक्स आज उतरव."

"पण दादा, तिथे लावू काय? बांबू रिकामे दिसतील."

"आबांचा लाव."

"माजा कशापायी?" सर्जेराव गरजले. "इंद्रा, बैठक माजी हाय. नारळ माज्या हातात हाय." पण आवाज नेहमीसारखा लागला नाही. त्यांनी एकेकाकडे पाहिलं. शेफाली मोबाइलमध्ये बघत होती. भालेराव साहेब चहा संपवत होते. विजयमाला तर सरळ हसत होती. निशा मुलीच्या केसांतली पावडर झटकत होती आणि तिला आबा दिसतच नव्हते. त्यांच्या विरोधात कोणी उभं राहिलं नव्हतं, भाषण केलं नव्हतं, तरी त्यांना काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. ते वाईट वाटून सोफ्यावर बसले.

स्पृहा त्यांच्यापुढे येऊन उभी राहिली. "आबा, तुम्ही खेळता?"

"मी? मला न्हाई हरवायचा कोनी."

"बघू ना. चला."

ती त्यांना हाताला धरून व्हरांड्यात घेऊन गेली. नारळ तसाच दुसऱ्या हातात राहिला. बाकीची माणसंही हळूहळू मागे आली आणि दाराशी उभी राहिली. सर्जेराव खुर्चीत बसले, नारळ मांडीवर ठेवला, मिशीवरून हात फिरवला आणि अध्यक्षांना शोभेल अशा जोराने स्ट्रायकर मारला. सोंगट्या जागच्या जागी राहिल्या. स्ट्रायकर पलीकडच्या काठावर आपटला, मागे आला आणि सरळ भोकात जाऊन पडला.

मग शेफाली, सवयीने, म्हणाली, "आबा, परत मारा."

"हां," सर्जेराव म्हणाले आणि भोकात हात घालून स्ट्रायकर काढला.

बोर्डाच्या पलीकडून स्पृहाने हात पुढे केला. तळवा पावडरीने पांढरा झाला होता.

"फाउल," ती म्हणाली. "तुमची गेली, आबा. द्या इकडे."

सर्जेरावांनी वर पाहिलं. बायकोकडे, मुलाकडे, भालेराव साहेबांकडे. कोणीच मदतीला आलं नाही. त्यांनी स्ट्रायकर मुठीत थोडा वेळ धरून ठेवला, आणि मग नातीच्या तळहातावर ठेवला.